सशाच्या वाटेवर उभा राहिलेला कोट : चांद्याच्या स्थापनेची आख्यायिका आणि इतिहास

१/
नागभीडहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘चांदा फोर्ट’ हे स्थानक लागते. गावाचे सरकारी नाव १९६४ च्या सुमारास ‘चंद्रपूर’ झाले, मात्र स्थानकाच्या पाटीवर जुना चांदा टिकून राहिला आणि त्याच्यासोबत ‘फोर्ट’ हा शब्दही. हा फोर्ट म्हणजे एखाद्या डोंगरावरचा किल्ला नव्हे, तर अख्ख्या शहराभोवती फिरणारा दगडी कोट होय. तो कोणी बांधला, केव्हा बांधला आणि नेमक्या याच रेषेवर का बांधला, या तीन प्रश्नांचा हा धागा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आख्यायिका देते. दुसऱ्याचे उत्तर देताना आख्यायिका आणि कागद यांचा मेळ बसत नाही. तिसऱ्याचे उत्तर भूगोलाला विचारावे लागते.

२/
प्रथम आख्यायिका. ती अनेक शतके तोंडोतोंडी चालत आली. मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल १८६९ साली लिहिला, त्यात ती सविस्तर नोंदवलेली आहे. पुढील गॅझेटियरांनी तिचाच आधार घेतला. आज चंद्रपुरात जी कथा सांगितली जाते ती बहुतांशी हीच. मौखिक परंपरा एकदा छापली गेली की छापील रूप पुन्हा लोकांच्या तोंडी जाते आणि निरनिराळे पाठ हळूहळू एकसारखे होतात. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

३/
कथा अशी. गोंडांची राजधानी पूर्वी वर्धा नदीकाठी शिरपूर येथे होती. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या सर्वांगावर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही औषधाला गुण येत नव्हता. राणी शहाणी होती. हवापालट व्हावा म्हणून तिने शिरपूर सोडण्याचा सल्ला दिला. राजाने नदीच्या पूर्व तीरावर नवा किल्ला व गाव वसवले. तेच बल्लारपूर. त्याचे नाव या राजाशी जोडले जाते. राजधानी बदलली, पण राजाचा आजार हटला नाही.

४/
एके दिवशी राजा शिकारीला निघाला. तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथे खडकातील एका छिद्रातून पाणी पाझरत होते. ते तो प्याला आणि त्याने हात, पाय व तोंड धुतले. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तर जेथे जेथे पाणी लागले होते तेथील गाठी नाहीशा झालेल्या. दोघे पुन्हा त्या जागी गेले. गवत व वाळू दूर करताच खडकात गाईच्या खुरांच्या आकाराचे पाच खळगे दिसले, पाचही पाण्याने भरलेले. राजाने स्नान केले आणि तो पूर्ण बरा झाला. त्याच रात्री अचलेश्वराने स्वप्नात दर्शन दिले. राजाने तेथे मंदिर उभारले. शहराच्या पूर्व दरवाज्याजवळचे अंचलेश्वराचे देवस्थान ते हेच.

५/
आता कथेचा दुसरा भाग. मंदिराचे काम पाहून परतताना राजाला एक विलक्षण दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता. कुत्रा कधी मोठे वर्तुळ घेई, कधी नागमोडी धावे, आणि ससा त्याच्या मागे. फेरी पुरी होण्याच्या बेतात असताना कुत्रा उलटला, झटापट झाली आणि ससा मारला गेला. राजाने हे राणीला सांगितले. ती म्हणाली की हा शुभसंकेत आहे. ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेने कोट घालावा, आत शहर वसवावे, आणि जेथे दोघांची गाठ पडली व जेथे ससा मेला तेथे भक्कम बुरूज बांधावेत. परंपरा सांगते की आखणीचे काम तेल ठाकूर या कारभाऱ्यांकडे सोपवले गेले.

६/
ही कथा फक्त चांद्याची आहे काय? तसे नाही. विजयनगरच्या स्थापनेची कथा सोळाव्या शतकात तेथे आलेल्या नुनीज या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. तिच्यातही ससा राजाच्या शिकारी कुत्र्यांवर उलटतो. १४११ साली अहमदशहाने वसवलेल्या अहमदाबादविषयी गुजरातेत हीच गोष्ट सांगतात. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली, त्या प्रसंगीही दुर्बळ प्राणी कुत्र्यांवर उलटल्याची कथा आहे. ज्या भूमीत दुबळा बळवंताला भारी पडतो ती भूमी वीरप्रसू, असा या सर्व कथांचा आशय. मध्ययुगीन दख्खनेत नवी राजधानी वसवणाऱ्या राजाला अशी कथा असणे हे जणू छत्रचामराइतकेच आवश्यक होते.

७/
रोगमुक्तीच्या भागालाही भावंडे आहेत. विदर्भातील वाचकांना अचलपूरचा इल राजा आठवेल. शिकारीला गेलेला हा व्याधिग्रस्त राजा वेरूळच्या तीर्थातील पाण्याने बरा झाला, ही कथा वेरूळ आणि अचलपूर या दोन्ही ठिकाणी प्रसिद्ध आहे. शिकार, तहान, क्षुल्लक वाटणारे पाणी, अंगावरील व्याधीचा नाश आणि मग देवालय, हा क्रम दोन्हीकडे सारखाच. एका कथेने दुसरी उचलली असे म्हणण्याचे कारण नाही. तीर्थ आणि राजा यांचे नाते सांगण्याची ही आपल्या प्रदेशातील रूढ भाषा होती, एवढेच यावरून दिसते.

८/
मग चांद्याचे वेगळेपण कशात? दोन गोष्टींत. पहिली अशी की विजयनगर व अहमदाबादच्या कथांमध्ये ससा केवळ जागा दाखवतो, चांद्याच्या कथेत तो सीमारेषा आखतो. जगभर अशा सीमा आखणाऱ्या कथांचे एक वेगळे कूळ आहे. रोमची हद्द रोम्युलसने नांगराच्या तासाने आखली, कार्थेजच्या राणीने बैलाचे एक कातडे बारीक पट्ट्यांत कापून त्याने टेकडी वेढली, आयर्लंडमधील किल्डेअर येथे संत ब्रिजिडने पसरलेला झगा जेवढी जमीन झाकील तेवढी तिच्या मठाला मिळाली. ‘ही भिंत इथेच का?’ या प्रश्नाला ‘कोणा माणसाने नव्हे, दैवाने आखली’ असे उत्तर देण्याचे काम या कथा करतात.

९/
दुसरे वेगळेपण अधिक बोलके आहे. अन्यत्र ससा जिंकतो, चांद्यात अखेरीस मरतो. कथा सांगणाऱ्यांनी हा शेवट सोयीस्करपणे गाळला नाही. उलट तो बुरुजांशी जोडला. जेथे पराक्रमाचा अंत झाला तेथेच संरक्षण सर्वांत मजबूत हवे, हा राणीचा निष्कर्ष आहे. शुभशकुनाच्या कथेत सावधगिरीचा धडाही आहे. असा धडा वेढ्यांचा आणि खंडणीच्या स्वाऱ्यांचा अनुभव घेतलेल्या शहरालाच सुचला असावा, असे मला वाटते. मात्र हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

१०/
आता दुसरा प्रश्न, हे घडले केव्हा? ल्युसी स्मिथच्या यादीत गोंड राजवंश इ. स. ८७० च्या सुमारास भीम बल्लाळसिंहापासून सुरू होतो आणि १७५१ साली नीलकंठशहापाशी संपतो. या ८८१ वर्षांत राजे एकोणीस. म्हणजे प्रत्येक राजाची सरासरी कारकीर्द ४६ वर्षांहून अधिक. तुलनेसाठी मोगलांकडे पाहा. बाबराने दिल्ली घेतली १५२६ साली, औरंगजेब वारला १७०७ साली. या १८१ वर्षांत सहा बादशहा झाले, सरासरी सुमारे ३० वर्षे. अकबर व औरंगजेब या दोघांच्या कारकिर्दी जवळजवळ पन्नास वर्षांच्या असूनही हा आकडा त्यापुढे जात नाही. सलग एकोणीस राजांनी सरासरी ४६ वर्षे राज्य करावे, हे पटण्याजोगे नाही.

११/
केवळ सरासरीवर विसंबण्याचे कारण नाही. एक समकालीन कागदही उपलब्ध आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा जमीनदार म्हणून बाबाजी बल्लाळाचा उल्लेख येतो. त्याच्या पदरी १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचे त्यात म्हटले आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख त्याच भागात आहे. ल्युसी स्मिथच्या यादीत मात्र बाबाजी बल्लाळशहाची कारकीर्द १५२२ साली, म्हणजे अकबराचा जन्म होण्याच्याही वीस वर्षे आधी संपते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

१२/
अशा वेळी इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणाचे ऐकावे? समकालीन नोंदीचे. वंशावळ नंतर रचली जाते आणि तिच्यात काळ ताणण्याचा मोह असतो, कारण घराणे जितके जुने तितका मान अधिक. हा दोष गोंडांचाच आहे असे नाही. राजपुतांच्या, मराठ्यांच्या व युरोपातील राजघराण्यांच्या वंशावळींतही तो आढळतो. नावांचा क्रम बहुधा बरोबर असतो, चुकतात ते आकडे. म्हणून क्रम ठेवून आकडे बदलता येतात का, ते पाहू.

१३/
बाबाजी बल्लाळाला १५९० च्या आसपास ठेवले आणि यादीतील क्रमाने मागे गेलो तर कोंड्याशहा, त्याआधी भूमा व लोकबा हे एकत्र राज्य करणारे भाऊ, त्याआधी हीरशहा आणि त्याआधी खांडक्या बल्लाळशहा. म्हणजे चार पिढ्या मागे. एक पिढी २५ ते ३० वर्षांची धरली तर १०० ते १२० वर्षे होतात. खांडक्या बल्लाळशहाचा काळ इ. स. १४७० ते १४९० च्या आसपास येतो. १८६९ च्या यादीत तो तेराव्या शतकात आहे. अलीकडचे अभ्यासक त्याला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात, त्यामागे हेच गणित आहे.

१४/
दोनशे वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. चांदा तेराव्या शतकात वसला असे मानले तर तो देवगिरीच्या यादवांचा समकालीन ठरतो. पंधराव्या शतकात वसला असे मानले तर चित्र निराळे दिसते. यादव जाऊन दीडशे वर्षे झालेली आहेत, बहमनी सत्ता दुभंगण्याच्या मार्गावर आहे, माळवा, गुजरात व दख्खन येथील सुलतान एकमेकांशी झुंजत आहेत. मोठ्या सत्ता परस्परांत गुंतलेल्या असताना वर्धा–वैनगंगेच्या जंगलात एक गोंड राज्य उभे राहते आणि आपली राजधानी दगडाने बंदिस्त करते. मला हे दुसरे चित्र अधिक अभिमानास्पद वाटते. त्यात दैवापेक्षा राजकीय जाण अधिक दिसते.

१५/
कोट एका राजाने, एका दमात बांधला नाही, हे परंपराही मान्य करते. पाया खांडक्या बल्लाळशहाने घातला, दरवाजे हीरशहाने उभारले आणि कोटाचे काम बाबाजीनंतरच्या धुंड्या रामशहाच्या काळात पुरे झाले, असे ती सांगते. सुधारलेल्या कालक्रमानुसार हे शतकाहून अधिक काळाचे काम ठरते. जुन्या गॅझेटियरांत कोटाचा परीघ साडेपाच मैल, म्हणजे जवळपास ९ किलोमीटर दिला आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आहेत. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. वेशींवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे.

१६/
एवढ्या बांधकामाला पैसा कोठून आला? मध्ययुगीन इंग्लंड व आयर्लंडमध्ये राजा शहराला सनद देई आणि त्या सनदेच्या बळावर शहर बाजारात येणाऱ्या मालावर कोटासाठी कर घेई. चांद्यात बाजारपेठेआधी जमीन तयार करावी लागली. हीरशहाविषयी परंपरा सांगते की जंगल तोडून जो गाव वसवील त्याला त्या गावाची सनद मिळे, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन मिळे. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातील एक मोठी वस्ती आजही तुकूम या नावाने ओळखली जाते.

१७/
नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातील धानशेती ज्या जुन्या तलावांवर उभी राहिली, त्यांच्यामागे हेच धोरण आणि कोहळी समाजासारख्या तलाव बांधणाऱ्यांचे कसब आहे. म्हणून चांद्याच्या कोटाचा इतिहास केवळ चंद्रपूर शहराचा नाही. कोटाचा दगड शहरात दिसतो, पण त्याची मजुरी आमच्या भागातील बांध्यांमधून पिकलेल्या धानाने भागवली असणार. राजधानीची कथा सांगताना तिला पोसणाऱ्या गावांचा विसर पडणे, ही इतिहासलेखनातील जुनी खोड आहे.

१८/
आता तिसरा प्रश्न, कोट याच रेषेवर का? नकाशा पाहावा. शहराच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दक्षिणेला दोघींचा संगम. तीन बाजूंना नैसर्गिक खंदक मिळाल्यावर मुख्य चिंता उरते ती उत्तरेची. नद्यांच्या वळणांना व उंचसखल जमिनीला अनुसरून भिंत गेली, म्हणून ती सरळ नाही, वाकडीतिकडी आहे. अशा भिंतीला कारण देताना वर्तुळे घेत नागमोडी धावणारा ससा लोकांना सुचला, यात नवल नाही. बहुधा ससा आधी आणि कोट नंतर असे नसून, कोट आधी आणि ससा नंतर असा क्रम असावा.

१९/
नद्यांचे सान्निध्य हे दुधारी होते. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की इरईचे पाणी तुंबते आणि पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. अशा ठिकाणी उंच दगडी भिंत शत्रूला जशी अडवते तशी पुरालाही अडवते. कोट म्हणजे केवळ युद्धाची वास्तू, हा आपला समज येथे थोडा सैल करावा लागतो.

२०/
कथेतील एका पात्राकडे अद्याप आपण नीट पाहिलेले नाही. ती म्हणजे राणी. शिरपूर सोडावे हा सल्ला तिचा, पाण्याचा गुण ओळखणारी ती, सशाचा अर्थ लावणारीही तीच. राजा पाहतो आणि सांगतो, निर्णय राणी करते. याची संगती कशी लावावी? चांद्याच्या उत्तरकालीन इतिहासात राणी हिराईचे स्थान मोठे आहे. वीरशहाच्या हत्येनंतर तिने दत्तक रामशहाच्या नावाने राज्य सांभाळले. अंचलेश्वराजवळची वीरशहाची भव्य समाधी तिने बांधवली. अंचलेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराचे आणि महाकाली मंदिराच्या उभारणीचे श्रेयही तिलाच दिले जाते.

२१/
हिराईनंतर सुमारे दीडशे वर्षांनी कथा कागदावर आली. ज्या शहराच्या ताज्या स्मृतीत एका राणीचा कारभार होता, त्या शहराने आपल्या स्थापनेच्या कथेतही राणीलाच शहाणपण बहाल केले असेल, ही शक्यता मला बळकट वाटते. आख्यायिका घडलेल्या काळाविषयी कमी आणि सांगितल्या गेलेल्या काळाविषयी अधिक सांगते, याचे हे बोलके उदाहरण ठरावे.

२२/
पुढचा इतिहास थोडक्यात. १६६७ साली औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर आला आणि मोठी खंडणी घेऊन गेला. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी राज्य खालसा केले आणि नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. भोसल्यांनी कोटाची दुरुस्ती केली. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी त्याला खिंडार पाडले आणि शहर पडले. १८५८ च्या ऑक्टोबरात याच शहरातील तुरुंगात मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले. गोंड राजांनी उभारलेल्या कोटाच्या आत एका गोंड जमीनदाराला परकीय सत्तेने फासावर चढवले. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

२३/
मग आख्यायिका टाकून द्यावी काय? मुळीच नाही. शहर गोंड राजांनी वसवले हे मूळ सत्य लेखी साधने विरळ असलेल्या काळातून कथेनेच आपल्यापर्यंत पोचवले. ‘जंगलातील लोक’ म्हणून ज्यांना पाठ्यपुस्तकांत दोन ओळी मिळतात, त्यांनी वेशी, बुरूज, तलाव आणि जमिनीचे कायदे यांसह एक राजधानी घडवली. कथेवर तारखेचे ओझे लादू नये आणि कागदावर श्रद्धेचे. दोघांना आपापले काम करू द्यावे.

२४/
कोट आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१७ साली ‘इको-प्रो’ संस्थेच्या स्वयंसेवकांनी कित्येक महिने श्रमदान करून त्यावरील झाडोरा व कचरा हटवला, आणि त्या कामाची दखल ‘मन की बात’मध्येही घेतली गेली. पुढील काम मात्र केवळ सफाईचे नाही. घराघरांतील जुन्या सनदा, तुकुमाचे कागद आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडचे कथेचे निरनिराळे पाठ नोंदवणे हे त्याहून निकडीचे आहे. आपल्या आजोबांनी हा ससा वेगळ्या वाटेने धावताना सांगितला असेल, तर तो पाठ या धाग्याखाली जरूर लिहावा. छापील कथेने पुसून टाकण्याआधी तो नोंदला जाईल.

धागा समाप्त.